नाकातून पिट्युटरीची गाठ: वाट काढणं सोपं, बुजवणं अवघड

पिट्युटरीच्या गाठीचं ऑपरेशन ‘नाकातून’ होणार असं सांगितलं की घरच्यांचे चेहरे एकदम सैल होतात. डोकं उघडायचं नाही, केस भादरायचे नाहीत, बाहेरून एकही टाका नाही, चार-पाच दिवसांत घरी. म्हणजे सायनसच्या ऑपरेशनसारखंच की! बाहेरून जखम दिसत नाही, एवढंच त्यातलं खरं. आत मात्र नाकाच्या पडद्यापासून मेंदूच्या आवरणापर्यंत चांगलं बोट जाईल एवढी वाट केलेली असते. ती पुन्हा मेंदूभोवतीचं पाणी गळणार नाही अशी बंद करणं, आणि पुढचे दहा दिवस पेशंटच्या पाण्या-मिठाचा हिशेब ठेवणं, ही दोन कामं गाठ काढण्याइतकीच मोठी आहेत. गाठीबद्दल सगळे विचारतात. या दोन कामांबद्दल फारसं कुणी विचारत नाही.

आधी जागा डोळ्यांसमोर आणू. पिट्युटरी ही हरभऱ्याएवढी, जेमतेम अर्धा ग्रॅम वजनाची, हार्मोन बनवणारी ग्रंथी. कवटीच्या तळाशी मधोमध हाडाचा एक खोलगट खड्डा असतो, त्याला सेला म्हणतात. ग्रंथी त्यात बसलेली असते. तिच्या डोक्यावर दोन्ही डोळ्यांच्या नसांची चौफुली, म्हणजे ऑप्टिक कायझम. डाव्या-उजव्या बाजूंना कॅव्हर्नस सायनस नावाचे रक्ताने भरलेले कप्पे. त्यांच्या आतून मेंदूला रक्त नेणारी कॅरोटिड जाते, आणि तिच्या आजूबाजूने डोळा हलवणाऱ्या तीन नसा आणि चेहऱ्याला संवेदना देणारी नस. म्हणजे वर नजर, बाजूंना कॅरोटिड. खाली आणि पुढे मात्र फक्त हवा, ती स्फिनॉइड सायनसची रिकामी खोली. नाकपुडीपासून त्या खोलीच्या दारापर्यंतचं अंतर सुमारे ७ सेंटिमीटर. वरून यायचं तर मेंदू बाजूला सारावा लागतो. खालून येताना तो मध्ये येतच नाही.

ही वाट नवीन नाही. १९०७ साली इन्सब्रुकमध्ये हेर्मान श्लोफरने नाक बाहेरून कापून बाजूला वळवलं आणि पहिल्यांदा या वाटेने गाठ काढली. १९१० साली व्हिएन्नाच्या ऑस्कर हिर्शने तेच काम नाकपुडीतून करून दाखवलं. अमेरिकेत हार्वे कुशिंग वरच्या ओठाखालून शिरायचा. १९१० ते १९२५ या काळात त्याने अशी २३१ ऑपरेशनं केली. मृत्युदर होता ५.६ टक्के. त्या काळी ना अँटिबायोटिक, ना स्टेरॉइड, तेव्हा हा आकडा थक्क करणाराच. तरी पुढे त्याने ही वाट सोडली आणि वरून जाऊ लागला, आणि गुरूने सोडली म्हणून जवळपास सगळ्यांनीच सोडली. एडिंबरोच्या नॉर्मन डॉटने ती जिवंत ठेवली. त्याच्याकडून पॅरिसच्या जेरार गियोने घेतली, आणि गियोच्या शिष्याने, ज्यूल हार्डीने, १९६०च्या दशकात माँट्रिअलमध्ये तिला मायक्रोस्कोपची जोड दिली. हॅरल्ड हॉपकिन्सच्या काचेच्या कांड्यांच्या भिंगांमुळे बारीक दुर्बिणीतून लख्ख दिसू लागलं होतं. १९९७ साली पिट्सबर्गच्या झो आणि काराऊ यांनी फक्त दुर्बिणीने केलेल्या ५० पेशंटांचा अनुभव छापला आणि आजची पद्धत रुळली. मायक्रोस्कोप नाकाबाहेर उभा राहून बोगद्यात टॉर्च मारतो. दुर्बीण आत जाऊन मान वळवून कोपऱ्यात बघते. फरक म्हणाल तर एवढाच, पण पुष्कळ मोठा.

आता ऑपरेशनआधीचं. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाची तपासणी रक्तातल्या प्रोलॅक्टिनची, म्हणजे अंगावर दूध आणणाऱ्या हार्मोनची. गाठ प्रोलॅक्टिन बनवणारी असेल तर बहुतेकांना ऑपरेशन लागतच नाही. कॅबरगोलीनची गोळी, साधारण आठवड्यातून दोनदा ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू केलेली, लिंबाएवढी गाठही वितळवत आणते. प्रोलॅक्टिनचा रिपोर्ट हातात नसताना ओटीची तारीख घेणं ही सरळसरळ चूक.

पण हा रिपोर्ट दोन बाजूंनी फसवतो. पहिली फसवणूक मोठ्या गाठीत. ही तपासणी सँडविचसारखी चालते: हार्मोन दोन अँटिबॉडींच्या मध्ये पकडला गेला तरच यंत्राला दिसतो. हार्मोन अफाट असेल तर प्रत्येक अँटिबॉडीला स्वतःचा वेगळा रेणू मिळतो, सँडविच जमतच नाही, आणि हजारोंच्या घरातलं प्रोलॅक्टिन कागदावर ८०-९० छापून येतं. गाठ चार सेंटिमीटरची आणि प्रोलॅक्टिन मात्र जरासंच वाढलेलं दिसलं, तर लॅबला सांगून नमुना १०० पट पातळ करून पुन्हा तपासायचा. दुसरी फसवणूक नेमकी उलटी. कुठलीही मोठी गाठ ग्रंथीला मेंदूशी जोडणाऱ्या देठावर दाब देते, वरून येणारं, प्रोलॅक्टिनला लगाम घालणारं डोपामाइन अडतं आणि प्रोलॅक्टिन थोडं वाढतं, बहुधा १०० नॅनोग्रॅमच्या आतच. इथे गोळीने आकडा छान उतरतो, पण गाठ तसूभर हलत नाही. आणि हो, पित्तावर घेतलेल्या कॅप्सूलवरचं बारीक अक्षर वाचा. त्यात डोमपेरिडोन किंवा लेवोसल्पिराइड असेल तर गाठ नसतानाही प्रोलॅक्टिन वाढतं. आपल्याकडे या कॅप्सूल चुरमुऱ्यांसारख्या खाल्ल्या जातात.

बाकी हार्मोन: सकाळी आठचं कॉर्टिसॉल (ताण झेलायला लागणारं, शरीरातलं स्वतःचं स्टेरॉइड), थायरॉइड, आयजीएफ-१ (ग्रोथ हार्मोन किती आहे त्याचा माग देणारं), लैंगिक हार्मोन, आणि सोडियम. कॉर्टिसॉल आणि थायरॉइड दोन्ही कमी असतील तर आधी स्टेरॉइड, मग थायरॉइडची गोळी. हा क्रम उलटा झाला तर थायरॉइडमुळे शरीर उरलंसुरलं कॉर्टिसॉल भराभर संपवतं आणि पेशंट प्रेशर पडून कोसळतो. अंगठी बोटात रुतू लागली, चपलेचा नंबर वाढला, जबडा पुढे आला अशी लक्षणं असतील तर ग्रोथ हार्मोनची गाठ. तिथे ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून ग्रोथ हार्मोन खाली उतरतो का ते पाहतात. अशा पेशंटची जीभ मोठी, घशाची जागा अरुंद. भूलतज्ज्ञाला हे आदल्या दिवशी कळलेलं बरं, टेबलावर नव्हे. यांच्या कॅरोटिडही कधी कधी वेड्यावाकड्या आणि एकमेकींच्या जवळ आलेल्या असतात.

डोळ्यांची फील्ड टेस्ट, म्हणजे समोर बघताना बाजूचं किती दिसतं याची तपासणी, लागतेच. कायझमवर दाब आला की दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या बाजूचं दिसेनासं होतं. पेशंट ‘कमी दिसतं’ असं म्हणत नाही. तो दाराच्या चौकटीला खांदा आपटतो, शेजारून जाणारी मोटरसायकल त्याला दिसत नाही. चष्म्याचा नंबर तीनदा बदलून झालेला असतो. वेगळीच गोष्ट म्हणजे गाठीतला अचानक रक्तस्राव: एकाएकी असह्य डोकेदुखी, उलट्या, नजर धूसर, पापणी पडलेली. इथे फील्ड टेस्टची वाट पाहायची नाही. शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम आणि थेट मोठं हॉस्पिटल.

स्कॅन दोन लागतात. एमआरआय गाठ दाखवतो, सीटी स्कॅन वाट दाखवतो. सीटी एक मिलिमीटरच्या कापांचा हवा, आणि त्यात तीन गोष्टी शोधायच्या. एक, स्फिनॉइडमध्ये हवा कुठवर आहे; काहींत ती सेलाच्या अलीकडेच थांबते आणि मग सगळं हाड ड्रिलने कोरत जावं लागतं. दोन, एथमॉइडची, म्हणजे दोन डोळ्यांच्या मधल्या सायनसची, मागची एखादी कोठडी स्फिनॉइडच्या डोक्यावर चढून बसली आहे का. तिला ओनोडी सेल म्हणतात, आणि नजरेची नस तिच्याच भिंतीत असू शकते. तीन, स्फिनॉइडच्या आतला पडदा कुठे टेकला आहे. हा पडदा क्वचितच मधोमध असतो. पुष्कळदा तो तिरका जाऊन थेट कॅरोटिडवरच्या पातळ हाडाला चिकटतो. तो चिमट्यात धरून पिरगळला तर तडा कॅरोटिडपर्यंत जातो. म्हणून तो ड्रिलने घासायचा किंवा धारदार पंचने (हाड कुरतडायच्या चिमट्याने) कुरतडायचा, कधीही पिळायचा नाही.

एमआरआयवर गाठ कॅव्हर्नसमध्ये किती घुसली आहे ते नॉस्प ग्रेडने सांगतात, शून्य ते चार. चार म्हणजे गाठीने कॅरोटिडला चहूबाजूंनी मिठी मारली आहे. इथे ‘पूर्ण निघेल ना?’ या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असंच असतं, आणि ते ऑपरेशनआधी द्यायला हवं. नाकाच्या वाटेचा साधा नियम आहे, नसा ओलांडायच्या नाहीत. नसांच्या आतल्या, मधल्या बाजूला आहे ते नाकातून. नसांच्या पलीकडे, बाजूला पसरलेलं असेल तर वरून किंवा दोन टप्प्यांत. नाकातूनच करणार असा हट्ट डॉक्टरनेही धरू नये आणि नातेवाइकांनीही.

ओटीत दोन सर्जन असतात. कान-नाक-घसावाला दुर्बीण धरतो, न्यूरोसर्जनचे दोन्ही हात मोकळे राहतात. दुर्बीण ४ मिलिमीटर जाडीची, १८ सेंटिमीटर लांब. सरळ बघणारी शून्य अंशाची आणि कोपऱ्यात बघणारी ३० किंवा ४५ अंशाची. उजव्या नाकपुडीत वर, घड्याळातल्या बाराच्या जागी दुर्बीण, सहाच्या जागी सक्शन, डाव्या नाकपुडीतून बाकीची हत्यारं. डोक्याची बाजू १५ ते २० अंश वर, म्हणजे शिरांतलं रक्त उतरतं. नाडी साठच्या आसपास ठेवली, शिरेतून भूल दिली, तर पडद्यावरचं चित्र कोरडं राहतं. भूलतज्ज्ञ चांगला असेल तर अर्धं ऑपरेशन तिथेच होतं. हे सर्जन मंडळी उघडपणे म्हणत नाहीत. घशात पॅक घालतात, कारण रक्त पोटात गेलं की शुद्धीवर आल्यावर उलट्या, आणि उलटी म्हणजे आतून धक्का. तो पॅक काढायचा राहू नये म्हणून फळ्यावर लिहितात.

नाक आकसवायला १ः१,००० ॲड्रिनलीनमध्ये भिजवलेल्या पट्ट्या ठेवतात, आणि टोचायला मात्र शंभर पट पातळ, १ः१,००,०००. दोन्ही पाण्यासारखी दिसतात, दोन्ही ट्रॉलीवर शेजारीशेजारी. वाट्या बदलल्या आणि गाढं औषध टोचलं गेलं तर प्रेशर आकाशाला भिडतं, हृदय बेताल होतं. म्हणून गाढ्या वाटीत रंग टाकायचा, तिच्या आसपास सुई येऊ द्यायची नाही, आणि भरलेल्या सिरिंजवर चिठ्ठी चिकटवायची.

मधलं टर्बिनेट (नाकाच्या बाजूच्या भिंतीवरचं वळलेलं हाड) बाहेरच्या बाजूला हळूच सारलं की मागे नाकाचा शेवट, म्हणजे कोअॅना दिसतो. त्याच्या वरच्या कडेपासून दीड सेंटिमीटर वर, पडद्यालगत, स्फिनॉइडचं बारीक तोंड सापडतं. त्याच्या पलीकडे जाण्याआधी थांबायचं आणि ठरवायचं, फ्लॅप आत्ताच उचलायचा का? पाणी गळण्याची शक्यता जास्त असेल तर होय. हा फ्लॅप म्हणजे नाकाच्या पडद्यावरची अस्तराची पट्टी, हाडापासून सोडवलेली पण मागे आपल्या धमनीवर जिवंत टांगलेली. २००६ साली हदाद आणि बासागास्तेगी यांच्या नावाने तो प्रसिद्ध झाला आणि पाणी गळण्याचा प्रश्न निम्म्याहून अधिक हलका झाला. खालचा छेद पडद्याच्या तळाशी, वरचा छेद छतापासून एक-दोन सेंटिमीटर खाली. त्याहून वर गेलं तर वास घेणारं अस्तर कापलं जातं आणि फोडणीचा खमंगपणा कायमचा जातो. पुढे उभा छेद देऊन दोन्ही जोडायचे. जपायचं ते देठाला: धमनी स्फिनॉइडच्या तोंडाच्या आणि कोअॅनाच्या मधल्या अरुंद पट्टीतून येते. तिथेच कुणी ड्रिल घातला तर पट्टी मेली. उचललेला फ्लॅप घशाच्या मागे गुंडाळून ठेवतात, नाहीतर फिरणारा ड्रिल त्याला क्षणात गुंडाळून घेतो. फ्लॅप लागणार की नाही याची खात्री नसेल तर फक्त देठ सोडवून बाजूला ठेवायचा, म्हणजे ऐनवेळी उचलता येतो.

मग नाकाच्या पडद्याचा मागचा एक-दीड सेंटिमीटर भाग काढायचा, दोन्ही नाकपुड्यांची एकच खोली होते. स्फिनॉइडची पुढची भिंत पंचने काढायची. आत शिरल्यावर समोरच्या भिंतीवर नकाशा कोरलेलाच असतो: मधोमध सेलाचा फुगवटा, खाली क्लायव्हस या हाडाचा खळगा, दोन्ही बाजूंना कॅरोटिडचे उंचवटे, त्यांच्या वर नजरेच्या नसांचे, आणि दोहोंच्या कोनात एक खळगी. ही खळगी सापडली की दिशा चुकत नाही. नॅव्हिगेशन यंत्र सोबतीला असतंच, पण यंत्र दोन मिलिमीटर इकडेतिकडे दाखवू शकतं. हाडाची खळगी अशी चुकत नाही. सेलावरचं हाड ३ मिलिमीटरच्या डायमंड बरने, पाण्याची धार सोडत, अंड्याच्या टरफलाएवढं पातळ करायचं आणि सोलून काढायचं. किती रुंद? चारही निळ्या रेषा दिसेपर्यंत: डावा-उजवा कॅव्हर्नस, वरचा-खालचा आडवा सायनस. नवशिके इथे कंजूषपणा करतात आणि मग किल्लीच्या भोकातून खोली झाडायला बघतात. ड्युरा, म्हणजे मेंदूचं जाड आवरण, कापण्याआधी डॉपलरची (रक्ताचा प्रवाह ऐकवणाऱ्या यंत्राची) बारीक काडी दोन्ही बाजूंना टेकवून कॅरोटिडचा ‘सूं-सूं’ आवाज कुठून येतो ते ऐकायचं. दहा सेकंदांचं काम आहे, पण ते चुकवायचं नाही.

बहुतेक गाठी श्रीखंडासारख्या मऊ, राखाडी-पांढरट असतात, सक्शनला येतात. मूळ ग्रंथी पिवळसर-केशरी आणि घट्ट. ती ओळखून तशीच ठेवायची, पुढचे हार्मोन तिच्याच जिवावर. थोड्या गाठी मात्र रबरासारख्या चिवट निघतात, तिथे ओढाओढ करायची नाही. क्रम महत्त्वाचा आहे: आधी खालचा भाग, मग दोन्ही कडा, सगळ्यात शेवटी वरचा. वरचा आधी काढला तर गाठीच्या डोक्यावरचा, तिच्या आणि मेंदूच्या पाण्याच्या मधला पातळ पडदा दुधावरच्या सायीसारखा लगेच खाली लोंबतो आणि कडांना उरलेली गाठ त्याच्यामागे लपते. उलट सगळं झालं तरी पडदा खाली येतच नसेल तर वर गाठ राहिली आहे. अशा वेळी भूलतज्ज्ञाला छातीत दाब वाढवायला सांगतात, मेंदूचं पाणी वरून ढकलतं आणि राहिलेला तुकडा खाली सरकतो. शेवटी ३० अंशाची दुर्बीण घालून चारही कोपरे बघायचे.

या पडद्याला भोक पडलं की लाल रक्तात एक स्वच्छ धार रक्त धुऊन काढताना दिसते. ते मेंदूचं पाणी. ते आलं म्हणजे कुणाचा हात घसरला असं नाही. मोठ्या गाठींत पडदा मुळातच विरलेला असतो. मात्र किती गळतंय त्यावर बुजवणं ठरतं. नुसतं पाझरत असेल तर कोलाजनचा तुकडा किंवा पोटावरून घेतलेली चरबी आणि वर ग्लू पुरतो. धार असेल तर थर लावायचे: ड्युराच्या आत एक थर, वर मांडीवरून घेतलेली फॅशिया लाटा (स्नायूवरचं चिवट आवरण), त्यावर फ्लॅप, मग गोंद, आणि टेकू म्हणून पॅक किंवा फोलीच्या (लघवीसाठी वापरतात त्या) नळीचा फुगा. फ्लॅपची हाडाकडची बाजू हाडाकडेच हवी. उलटा बसला तर चिकटत नाही, आणि अस्तराखाली चिकट द्रव साठून काही वर्षांनी नवीन गाठोडं तयार होतं. त्याच कारणाने स्फिनॉइडमधलं जुनं अस्तर खरवडून काढायचं आणि फ्लॅप उघड्या हाडावर, मध्ये पोकळी न ठेवता, घट्ट दाबून बसवायचा. फुगा जास्त फुगवला तर नजरेच्या नसेवर दाब. फ्लॅप पांढरा पडला तर हवा कमी करायची.

कमरेत ड्रेन, म्हणजे मेंदूचं पाणी हळूहळू बाहेर काढणारी बारीक नळी, घालायचा का, यावर जुने वाद. पिट्सबर्गच्या एका चाचणीत मोठी भोकं असलेल्या पेशंटांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली. ड्रेन असलेल्यांत ८.२ टक्क्यांना पाणी गळलं, नसलेल्यांत २१.२ टक्क्यांना. तेव्हा मोठं भोक असेल तर तासाला १० मिलिलिटर या वेगाने तीन दिवस ड्रेन ठेवणं रास्त. साध्या पिट्युटरीच्या गाठीला त्याची गरज नाही. उगाच घातला तर डोकेदुखी आणि जंतुसंसर्गाची पाहुणी मंडळी तेवढी वाढतात.

सगळ्यात वाईट प्रसंग कॅरोटिड फुटण्याचा. पिट्युटरीच्या ऑपरेशनांत तो एक टक्क्याहूनही बराच कमी वेळा घडतो, पण घडला तर दुर्बिणीच्या स्क्रीनवरचं चित्र दोन सेकंदांत लाल होतं. तयारी आधीचीच हवी: दोन जाड सक्शन, क्रॉसमॅच करून (पेशंटच्या रक्ताशी जुळवून) ठेवलेलं रक्त, मांडी आधीच धुऊन-झाकून ठेवलेली. दुर्बीण दुसऱ्या नाकपुडीत न्यायची, एका सक्शनने धार बाजूला वळवायची, मांडीच्या स्नायूचा दोनेक सेंटिमीटरचा तुकडा घेऊन चेचायचा, भोकावर दाबून काही मिनिटं धरायचा. चेचलेला स्नायू रक्त गोठवणारे घटक सोडतो, नुसत्या पट्टीला ते जमत नाही. प्रेशर फार पाडायचं नाही, दुसऱ्या बाजूने मेंदूला रक्त जायला हवं. रक्त थांबलं म्हणून समाधान मानायचं नाही. तिथून सरळ कॅथलॅबमध्ये अँजिओग्राफी, आणि काही दिवसांनी पुन्हा एकदा, कारण तिथे खोटा फुगवटा तयार होऊन नंतर फुटतो. ज्या हॉस्पिटलात रात्री कॅथलॅब उघडत नाही तिथे हे ऑपरेशन करू नये, हे आमचं स्पष्ट मत.

पहिली रात्र आयसीयूत. दर तासाला सिस्टर बोटं किती आहेत ते विचारते, पेशंट वैतागतो. पण नजर अचानक उतरली तर आत रक्त साठतंय, आणि तेव्हा पुन्हा ओटीत जायला तास-दोन तासच हातात असतात.

दुसरं लक्ष लघवीवर. पिट्युटरीचा मागचा भाग दुखावला की पाणी राखणारा हार्मोन थांबतो. तासाला २५०-३०० मिलिलिटरच्या वर, सलग दोन-तीन तास, पाण्यासारखी लघवी, तिची घनता १.००५च्या खाली, रक्तात सोडियम १४५च्या वर चढतंय, असं एकत्र दिसलं तर डेस्मोप्रेसिन, म्हणजे त्या हार्मोनची जागा घेणारं औषध, द्यायचं. नुसती लघवी जास्त म्हणून नाही. ऑपरेशनमध्ये दिलेलं सलाइन बाहेर पडतानाही लघवी भरपूर होते. हे औषध नाकाच्या स्प्रेनेही मिळतं, पण नाकात पॅक असताना तो स्प्रे काय कामाचा! गोळी किंवा इंजेक्शन. पेशंट शुद्धीत असेल, तहान लागत असेल, तर तहानेइतकं पाणी हे सगळ्यात चांगलं मोजमाप.

खरा दगा सातव्या दिवसाच्या आसपास होतो, तेव्हा पेशंट घरी असतो. दुखावलेल्या पेशींतून तो हार्मोन एकदम बाहेर सांडतो, शरीर पाणी धरून ठेवतं आणि सोडियम घसरतं. डोकं जड, मळमळ, सुस्ती, बोलण्यात गोंधळ. घरच्यांना वाटतं अशक्तपणा आहे. मग नारळपाणी, लिंबू सरबत, इलेक्ट्रॉलची पाकिटं, ग्लासावर ग्लास. पाणी वाढतं, सोडियम आणखी उतरतं, शेवटी झटका येतो. म्हणून डिस्चार्जच्या कागदावर ‘सातव्या दिवशी सोडियम’ हे ठळक लिहून घ्यावं, आणि लघवी जास्त होण्याचा त्रास नसेल तर डॉक्टरांना विचारून पहिला आठवडा दिवसाला एक-दीड लिटरच्या आत पाणी ठेवावं, चहा, ताक, आमटी सगळं धरून. घसरलेलं सोडियम घाईने भरायचं नाही; २४ तासांत आठ-दहा मिलिमोलच्या वर चढवलं तर मेंदूच्या खोडाला इजा होते. आणि कॉर्टिसॉल कमी पडल्यानेही सोडियम उतरतं, म्हणून दोन्ही एकत्र तपासायचं.

घरी काय जपायचं? सहा आठवडे नाक शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून. दाबलेली शिंक हवा थेट कवटीत ढकलते. मिरचीची फोडणी पडत असेल तेव्हा पेशंटला दुसऱ्या खोलीत बसवा. तपकीर बंद, कायमची झाली तर उत्तमच. कपालभाती, भस्त्रिका, जलनेती, शंख वाजवणं, पाण्याची कळशी उचलणं बंद. कुंथायचं नाही, रात्री इसबगोल आणि जेवणात भाजी. उशा दोन घ्याव्यात. झोपेत श्वास अडकतो म्हणून यंत्र लावत असाल तर सर्जनला विचारल्याशिवाय लावू नका, ते हवा दाबूनच भरतं. विमानप्रवासही विचारूनच. नाकात खपल्या दोन-तीन महिने धरतात, त्यांना सलाइनने धुवायचं ते सर्जनने सांगितल्यावरच, आणि पाणी उकळून गार केलेलंच.

पाणी गळतंय का, हे ओळखायला खुर्चीत बसून कोपर गुडघ्यांवर टेकवायचे आणि मिनिटभर डोकं खाली झुकवायचं. एकाच बाजूने स्वच्छ पाण्याचे थेंब टपकले, किंवा झोपल्यावर घशात मागून खारट चव उतरत असेल, तर स्वच्छ डबीत ते थेंब गोळा करून हॉस्पिटल गाठायचं. त्यात बीटा-२ ट्रान्सफेरिन, म्हणजे मेंदूच्या पाण्यात सापडणारं प्रथिन, तपासलं की निकाल लागतो. शुगरच्या पट्टीवर विसंबू नये, ती सर्दीच्या पाण्यालाही फसते. त्यासोबत ताप आणि मान ताठ झाली तर सकाळची वाट बघायची नाही.

पहिला एमआरआय तीन महिन्यांनी. त्याआधी केला तर भरलेली चरबी, फ्लॅप आणि गोठलेलं रक्त यांत गाठ कुठली ते सांगता येत नाही आणि सगळेच घाबरतात. हार्मोन मात्र सहा आठवड्यांनी तपासायचे. कॉर्टिसॉल अजून कमी असेल तर स्टेरॉइडची गोळी चालू राहते, आणि तीच पेशंट मंडळी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून परस्पर बंद करतात. ताप आला, दात काढला, अपघात झाला, की डोस दुप्पट-तिप्पट. उलट्या होत असतील तर गोळी पोटात राहत नाही. हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन हवं. हे एका चिठ्ठीवर लिहून, लॅमिनेट करून, आधार कार्डाच्या मागे ठेवायचं, आणि इंजेक्शनची एक कुपी घरात, जिथे गावातल्या डॉक्टरला दाखवता येईल अशी.